बॉनेट उघडून बोला

राजीव खोटारडा माणूस नाही. अठ्ठावीस वर्षं त्याच्याबरोबर संसार करतेय, एवढं मला कळतं. पण शुक्रवारी संध्याकाळी प्रिंटरमधून गरमागरम बाहेर पडलेलं ते पान मी वाचलं आणि त्यात वरपासून खालपर्यंत थापा होत्या.

आमच्याकडे एक डस्टर आहे. भारतात कुणाला सांगितलं की त्यांच्या डोळ्यांपुढे हल्लीची ती उंच गाडी येते. ती नव्हे. ही प्लिमथ डस्टर, १९७२ सालची. दोन दारं, मागे उतरत गेलेलं छप्पर, अंगावर काळा पट्टा. त्या काळच्या अमेरिकन तरुणांनी ऐट मारायला घ्यायची छोटी गाडी. छोटी म्हणजे इथल्या मानानं छोटी. आपल्याकडे हिच्यात अर्धं वऱ्हाड बसेल.

ओहायोत अशा गाड्यांच्या मालकांचा एक क्लब आहे. यंदा त्यांनी मालकांच्या आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं. एका गाडीला एक पान. शनिवारी सकाळी जत्रेच्या मैदानावर गाडी घेऊन यायचं, सगळ्यांसमोर पान वाचायचं आणि सेक्रेटरीच्या हातात द्यायचं. राजीवनं आमचं पान लिहिलं होतं. मथळा, 'मी आणि माझी डस्टर'. गाडी मी शोधली, मी घेतली, हाडं गोठवणाऱ्या थंडीत मी सुरू केली, दर हिवाळ्यात तिचे पॉइंट, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडायला लागणारी धातूची टोकं, मी साफ केले. मी, मी, मी.

माझं नाव एकदाच होतं. माझी बायको सुवर्णा सँडविच बांधून द्यायची, असं.

सँडविच! मी आयुष्यात या माणसाला सँडविच बांधून दिलेलं नाही. पोळीभाजी दिली असेल.

एखाद्याला वाटेल, एवढ्याशा पानावरून एवढं काय. सांगते. सत्त्याण्णव साली मी इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसाला लटकून. नोकरी करायची परवानगी नाही. डॉक्टरकडे जा, बँकेत जा, फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आला की मी रेघ मारायची. नऊ वर्षं रेघ मारली. डिप्लोमा झालेली, धडधाकट बाई, आणि सरकारदरबारी मी कुणाच्या तरी सामानातली एक बॅग. त्या नऊ वर्षांत मी एक काम केलं. ही गाडी चालू ठेवली. ते कुठल्याच कागदावर नाही. आता कधी नव्हे तो एक कागद छापला जाणार होता आणि त्यावर मी सँडविच बांधत होते.

त्यात केदार आलेला. केदार म्हणजे राजीवचा जुना रूममेट. आमचं लग्न झाल्यावरही सहा महिने आमच्याच अपार्टमेंटच्या हॉलमध्ये गादी टाकून राहिलेला. आता तिकडे टेक्सासमध्ये, प्लेनोत मोठ्ठा डायरेक्टर आहे. खास या मैदानावरच्या सोहळ्यासाठी विमानानं आला होता. थालीपीठ खाता खाता सुरू झाला.

"वहिनी, ती जानेवारीतली सकाळ आठवतेय का? काय थंडी होती यार! रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी आणि राजीवनं गाडी सुरू केली की नाही!"

"कशी केलीत?" मी विचारलं.

"कशी म्हणजे... अनुभव. टेक्निक असतं एकेक."

टेक्निक काय होतं ते मी सांगते. या दोन इंजिनियरांनी आधी ॲक्सिलरेटर वीस वेळा दाबून कार्ब्युरेटर पेट्रोलनं तुंबवला. मग यांना पुण्याची स्कूटर आठवली. स्कूटर सुरू झाली नाही की आपण ती आडवी कलती करतो ना, तसं. एक जण या बाजूला, एक जण त्या बाजूला, आणि दीड टनाची गाडी दोघं मिळून झोपाळ्यासारखी हलवायला लागले. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला वाटलं, चोर आहेत. तिनं पोलीस बोलावले. पोलीस आला, तर हे दोघं त्याला थंडीत कुडकुडत समजावतायत की इन इंडिया वी टिल्ट. मी नाइटीवर राजीवचं जॅकेट चढवून खाली उतरले. पोलिसानं मला विचारलं, "मॅडम, या दोघांना ओळखता?" मी म्हटलं, "एकाला." दोघांना बाजूला केलं, सीटवर बसले, पाय पूर्ण खाली दाबून धरला, अजिबात पंप केलं नाही, नुसता स्टार्टर मारत राहिले. चौथ्या वेळेला गाडी सुरू झाली. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. कराडला माझ्या वडिलांची बजाज होती आणि रविवारी तिच्यासमोर पाना घेऊन बसायला घरात दुसरं कुणी तयार नसायचं.

रुही, आमची मुलगी, माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, यू आर डूइंग दॅट थिंग विथ युअर जॉ." मी दात आवळले होते.

"राजीव," मी म्हटलं, "हे पान असं जाणार नाही."

"अगं, गोष्ट आहे ती. थोडं इकडेतिकडे चालतं."

"मालकांच्या आठवणी मागितल्यात. आरटीओच्या कागदावर तू मालक असशील. आठवणी माझ्या आहेत."

"मग तू लिहायचं होतंस!"

"मला विचारलंस तरी का?"

केदारनं दह्यात डोकं घातलं. राजीव तोंड पाडून म्हणाला, "सकाळी सातला निघायचंय. आता कुठे बदलत बसू?"

मी वाद तिथेच सोडला. याचं कारण माझी सहनशीलता नव्हे. क्लबनं नियमांचा एक मेल पाठवला होता. राजीवनं तो उघडला नव्हता. मी उघडला होता.

मैदानावर पंचवीस-तीस गाड्या लागल्या होत्या. घडीच्या खुर्च्या, कॉफीचे थर्मास, टोप्या घातलेले म्हातारे. क्लबची सेक्रेटरी मार्लीन सत्तरीपुढची बाई आहे. पांढरी वेणी, हातात क्लिपबोर्ड, आणि स्वतःच्या डस्टरला ती कुणालाही हात लावू देत नाही. तिनं सुरुवातीलाच नियम सांगितला. बॉनेट उघडून बोला. जिथे तुमचा स्वतःचा हात लागलाय ती जागा दाखवा आणि तिथली आठवण सांगा. नुसतं कागद वाचणाऱ्याचं पान घेणार नाही.

राजीवनं माझ्याकडे पाहिलं. मी कॉफी पीत होते.

पहिला उभा राहिला एक शेतकरी. त्यानं रेडिएटरचं झाकण दाखवलं. हे झाकण गरम असताना उघडू नको असं वडील ओरडत होते, तोवर मी उघडलं होतं, असं म्हणून त्यानं मनगटावरचा डाग दाखवला आणि बसला. संपलं. इतकी चांगली आठवण मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मग एक बाई आली. ती म्हणाली, माझी आठवण बॉनेटखाली नाही, मागच्या सीटवर आहे. सगळे हसले. मार्लीननं क्लिपबोर्डवर खूण केली, "चालेल. हात तर लागलाच असेल."

आमची पाळी आली. राजीवनं घसा खाकरून पान वाचलं. चांगलं वाचतो तो, प्रेझेंटेशनची सवय. सँडविचपर्यंत आला तेव्हा त्याचा आवाज जरा खाली गेला, एवढं मात्र मी ऐकलं.

"छान," मार्लीन म्हणाली. "दर हिवाळ्यात पॉइंट साफ केलेत. दाखवा कुठे असतात."

राजीव इंजिनाकडे बघत राहिला. जसा माणूस परक्या शहरात बसचा बोर्ड बघतो तसा. मग त्यानं जे सगळ्यात मोठं आणि गोल होतं त्यावर हात ठेवला. एअर फिल्टरचं झाकण.

कुणीतरी खोकलं.

"नाही रे, खाली, खाली," केदार मदतीला धावला आणि त्यानं ठामपणे ऑइल फिल्टर दाखवला.

आता मात्र पूर्ण मैदान हसलं. मला मजा आली. खोटं कशाला बोलू? पोटात इतकं गार गार वाटलं की बस. राजीवचे कान लाल झाले होते. आणि मार्लीन हसली नाही, तेच वाईट होतं. तिनं विचारलं, "मग ही गाडी राखली कुणी?"

तो म्हणू शकला असता, मेकॅनिकनं. कुणी पडताळून बघणार नव्हतं. त्यानं पान दुमडलं आणि म्हणाला, "माझ्या बायकोनं. मला वाटतं, सगळं तिनंच केलं."

मी पुढे गेले. बाही वर केली. या गाडीचं इंजिन सरळ उभं नसतं, एका अंगाला झुकलेलं असतं, आणि पॉइंट असतात त्या झुकलेल्या बाजूला, खाली, अडचणीत. पुरुषांचा पंजा तिथे धड जात नाही. माझा जातो. न बघता मी पॉइंटवरच्या झाकणावर बोट ठेवलं आणि बोलायला लागले. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर काम करते, त्यामुळे माझं इंग्रजी काउंटरवरचं आहे, गुळगुळीत नाही. सांगितलं की पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे पॉलिश पेपर नव्हता, म्हणून नखं घासायच्या कानशीनं मी पॉइंट घासले. सांगितलं की मला नोकरी करायची परवानगी नव्हती, आणि गाडीला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून मी गाडीकडे गेले. पोटात मुलगी असताना पोट आडवं यायला लागलं, तेव्हा बाजूनं वाकून केलं. ही इथे उभी आहे ती मुलगी. हिच्या बापानं गाडी चालवली, बिघडवली, आणि तिच्या गोष्टी सांगितल्या. दुरुस्त मी केली. नऊ वर्षं. कुणाच्याही मदतीशिवाय.

टाळ्या वाजल्या. आणि त्या टाळ्यांत राजीव माझ्या बाजूला येऊन मराठीत हळूच म्हणाला, "मॅन्युअल कुणी आणलं?"

"काय?"

"दुरुस्तीचं मॅन्युअल. लायब्ररीतून. दर तीन आठवड्यांनी ते रिन्यू करायला लागायचं. मी बसनं जायचो. बर्फातून."

"बसनं का?"

"कारण गाडी तू उघडून ठेवलेली असायचीस."

ते पुस्तक आठवलं. निळं कव्हर, कडेला माझ्या ग्रीसच्या अंगठ्यांचे ठसे. ते किचनच्या टेबलावर असायचं. कायम असायचं. ते तिथे कसं येतं हे मी तेव्हाही कधी विचारलं नव्हतं आणि नंतरही नाही. पाणी नळाला येतं तसं ते यायचं.

"लायब्ररीतली बाई म्हणायची, तुमचं गाडीवर फार प्रेम दिसतं," राजीव म्हणाला. "मी हो म्हणायचो. प्रत्येक वेळी काय समजावणार? मग तेच डोक्यात बसलं असेल."

"म्हणून माझी गाडी खाऊन टाकलीस?"

"तू माझी बस खाल्लीस."

वर्षानुवर्षं मी मनात जी गोष्ट घोळवत होते त्यात हा माणूस फक्त पेट्रोल तुंबवायचा. बस नव्हती त्यात. बर्फ नव्हता. मी त्याच्या पानावर जेवढी होते, तेवढाही तो माझ्या गोष्टीत नव्हता. राग आला. पण या वेळी त्यातला थोडा माझ्यावर होता, आणि तशी मला सवय नाही.

"तुमचं भांडण चाललंय, की हा आठवणीचाच भाग आहे?" मार्लीननं विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग दोन्ही लिहा. बारापर्यंत वेळ आहे." तिनं क्लिपबोर्डचा एक कोरा कागद मला दिला. मला. राजीवला नाही.

आम्ही डिकीच्या झाकणावर कागद ठेवून लिहायला बसलो. इंग्रजी वाक्यं राजीव जुळवत होता, काय लिहायचं ते मी सांगत होते. पॉइंट लिहिले, कानस लिहिली, पोट आडवं यायचं ते लिहिलं. बस लिहिली. तो म्हणाला, बर्फसुद्धा लिही. मी म्हटलं, बर्फ ओहायोत सगळ्यांनाच असतो. शेवटी 'हलका बर्फ' यावर तडजोड झाली.

"आणि मी?" केदारनं विचारलं. "एवढा प्लेनोहून आलोय!"

"तू टॉर्च धरायचास. स्वतःच्या तोंडावर."

"वहिनी, ते तरी लिहा."

"केदारकाका, यू वेअर अ लॅम्प," रुही म्हणाली, आणि केदारनं दोन्ही हात जोडले.

ते लिहिलं नाही. जागा उरली नव्हती. वर नाव घालायची वेळ आली तेव्हा राजीव थांबला. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, कुठलीही रेघ न मारता. सँडविचवालं पान रुहीनं घडी करून पर्समध्ये ठेवलं. मी विचारलं, कशाला, तर म्हणाली, "एव्हिडन्स."

मार्लीननं आमचं पान उभ्या उभ्या वाचलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. वाचून झाल्यावर तिनं ते बाकीच्या पानांत सरकवलं आणि मला म्हणाली, "माझी गाडी गरम झाली की अडखळते. दोन जणांना दाखवली. दोघांनी आधी मलाच समजावून सांगितलं की गाडी म्हणजे काय. तू बघशील?"

मी तिच्या गाडीकडे गेले. तिनं स्वतः बॉनेट वर केलं आणि बाजूला झाली. माझ्यामागून तो डागवाला शेतकरी आला, त्याला त्याच्या इंजिनाच्या टायमिंगबद्दल विचारायचं होतं. मग आणखी एक. दुपारचे दोन वाजले तरी माझं डोकं कुणाच्या तरी इंजिनात होतं आणि बायकापुरुष मिळून चार जणं माझ्या हातात पाने-पक्कड देत होती. पलीकडे राजीव आणि केदार घडीच्या खुर्च्यांत बसून उकडलेला मका खात होते. चांगले दिसत होते दोघं, निवांत.

"सुवर्णा, निघायचं का?" राजीवनं तिथूनच हाक मारली.

"थांब जरा," मी आतूनच ओरडले. "आणि मला एक कणीस आण. मक्याचा स्टॉल लांब आहे, चालत जा."

तो उठला आणि गेला.