रविवारची झोप

रविवारी चर्चहून आलं, जेवण झालं, की अर्लिस ट्वेट पडवीतल्या वेताच्या कोचावर आडवी व्हायची आणि चहूकडे लख्ख ऊन असताना गाढ झोपायची. युद्धात रात्रपाळ्या केलेल्या पोरींना दिवसाउजेडी झोपायची सवय लागते ती लागतेच. स्वप्न बहुतेक वेळा एकच असायचं. एक लांबलचक खोली, तिच्यात माणसाच्या डोक्यावर जाणारी यंत्रं आणि यंत्रांवर चाकंच चाकं. चाकं फिरतायत, त्यांचा आवाज खोलीभर भरत चाललाय, आणि पायाखालची फरशी हळूहळू पाणी होतेय. त्या पाण्यात तिचा धाकटा भाऊ ऑर्विल उभा आहे, खलाशाची पांढरी टोपी मागे सरकवून. ती त्याला घाईघाईने काहीतरी सांगत असते. तो ऐकत असतो. मग रेडिओच्या आवाजाने जाग यायची.

रेडिओ लावायची तिची आई. पोर झोपली रे झोपली की ट्वेटबाई स्वयंपाकघरातला रेडिओ उचलून पडवीच्या खिडकीत ठेवायच्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतका मोठा करायच्या. वर स्वतः दाराशी खुर्ची टाकून विणत बसायच्या. कुणी शेजारीण गप्पांना आली तर तिला फाटकातूनच वाटेला लावायच्या. अर्लिसला वाटायचं, आई सूड उगवतेय. तसं वाटायला कारणही होतं.

ऑर्विलचं जहाज चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलं. देह मिळाला नाही, थडगं झालं नाही. त्यांच्या सेंट पॉल शहरातल्या नॉर्वेजियन चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना झाली, तिला सगळा मोहल्ला लोटला, आणि सख्खी बहीण तेवढी आली नाही. अर्लिस तेव्हा नौदलाच्या नोकरीत वॉशिंग्टनला होती. तिथे काय करतेस असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे: पेन्सिली तासते, कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करते. तसंच सांगायचा वरून हुकूम होता. "भाऊ गेला आणि हिला पेन्सिली तासण्यातून सवड मिळेना," असं ट्वेटबाई एकदाच म्हणाल्या. काही बोलणी एकदाच केलेली पुरतात.

खरं असं होतं की अर्लिस त्या चाकांच्या यंत्रावर होती. पाणबुड्यांचे सांकेतिक निरोप ते यंत्र उलगडायचं, आणि निरोप वेळेत उलगडला तर कुठलातरी जहाजांचा तांडा वाट बदलून सुखरूप जायचा. भावासाठी तिला रजा मिळाली होती. पण त्या आठवड्यात आणखी एक तांडा समुद्रात होता, दोन पोरी तापाने पडल्या होत्या, आणि त्या तांड्यातही कुणाकुणाचे भाऊ होतेच. ती राहिली. हे ती आईला कधीच सांगू शकणार नव्हती. शपथ देताना अधिकाऱ्याने बजावलं होतं की तोंड उघडलंत तर बायका म्हणून कुणी गय करणार नाही.

युद्ध संपलं तशी नौदलाला वेगळीच काळजी पडली. ही कुलपं उघडणारी डोकी आता घरोघर जाणार, कुणी मास्तर होणार, कुणी विमा विकणार, आणि पुढच्या वेळी गोळा करायला गेलं तर सापडायची नाहीत. तेव्हा त्यातल्या काही अधिकाऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली. जागा मिळाली सेंट पॉलमध्येच, जिथे युद्धात बिनइंजिनाची विमानं बनत होती त्या कारखान्याची. अर्लिसही घरी परतून तिथेच कामाला लागली. कंपनीचं नाव इतकं बेचव ठेवलं होतं की वाचल्यावर माणूस लगेच विसरावा. ट्रामचा कंडक्टर तर तिथे फ्रिज बनतात असं समजून अर्लिसला खुशाल विचारायचा, "काय गं, तुमचे फ्रिज कधी येणार बाजारात?"

अर्लिसचा त्या जागेवर जीव होता. छप्पर उंच, तुळयांवर चिमण्यांची घरटी, हिवाळ्यात लोक कोट घालून काम करत आणि उन्हाळ्यात घामाने निथळत. दुपारचं ऊन वरच्या काचांतून तिरपं खाली उतरलं की त्यात लाकडाचा जुना भुसा तरंगताना दिसे. तिच्या टेबलावर धातूचं एक पिंप होतं, त्याला चुंबकी फीत गुंडाळलेली. पिंप गरगर फिरायला लागलं की गुणगुणायचं, आणि त्या फितीवर एकेक खूण अशी उमटवायची की पिंप कितीही वेळा फिरलं तरी ती खूण आपल्या जागी परत यावी. सांगितलेलं लक्षात ठेवणारं यंत्र! अर्लिस त्या गुणगुणण्याकडे कान लावून बसायची आणि तिला वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत आणि हे स्वप्न चांगलं आहे. शिवाय आजूबाजूचे सगळे तिच्यासारखेच, ताकाला तूर लागू न देणारे. घरी गप्प राहिलं की जीव गुदमरायचा. इथे सगळेच गप्प होते, त्यामुळे बरं वाटायचं.

सत्तेचाळीसच्या शरदात नौदलाने नवं काम दिलं. आता एकाच कामाला जुंपलेलं यंत्र नको होतं. त्याला आज आकडे दिले तर आकडे, उद्या दुसरं काही दिलं तर दुसरं, असं काय करायचं ते स्वतःच्या पोटात ठेवणारं यंत्र हवं होतं. त्यासाठी मागच्या अंगाला वेगळी खोली झाली, दाराशी पहारेकरी बसला. अर्लिसचं पिंप त्या खोलीत जाणार होतं. तिने जायचं की नाही ते सरकारी चौकशीनंतर ठरणार होतं, आणि नाही ठरलं तर कंपनीतूनच बाहेर.

"काय काय विचारतात माहितीये ना?" शेजारच्या टेबलावरून बर्नी प्रिबिल म्हणाली. बर्नी वॉशिंग्टनपासूनची सोबतीण.

"दारू पिते का, उधारी आहे का. विचारू देत."

"आणि झोपेत बोलते का."

अर्लिसने मान वर केली.

"अगं बये, म्हणजे तुला पत्ताच नाही?" बर्नी जवळ सरकली. "तिथे वर्षभर मी तुझ्या बाजूच्या खाटेवर होते. तू झोपेत बोलत नाहीस, व्याख्यान देतेस. चाकांचे आकडे काय, जहाजांची नावं काय! उशी फेकून मारायचे तुला."

"मग सांगायचंस की मला!"

"तिथे सगळ्या एकाच शपथेतल्या. कुणाचं काय बिघडणार होतं? पण आता कुठे झोपतेस?"

"आईकडे."

"ती सांभाळून घेईल ना?"

अर्लिस परत पिंपाकडे वळली. तिची आई खोटं बोलत नसे. कशालाच बोलत नसे. ओल्सनबाईंच्या नवऱ्याच्या मयताला सगळ्यांनी केकची तारीफ केली आणि ट्वेटबाईंनी विधवेच्या तोंडावर सांगितलं, "कोरडा झालाय, मार्गिट, पण तुझी मनःस्थिती नव्हती, चालायचंच." पाळकसाहेबांनी एकदा प्रवचन कसं झालं विचारलं आणि परत कधी विचारलं नाही. अशा बाईला चौकशीवाला विचारणार, आणि ती बाई तीन वर्षं मुलीवर मनातून रुसलेली. बरं, आईला आधी गाठून विनवावं तर तेही अशक्य. माझं झोपेतलं बोलणं कुणाला सांगू नकोस असं म्हणायचं, म्हणजे त्या बोलण्यात काहीतरी आहे हे आपणच कबूल करायचं.

त्या रविवारी तिने झोपायचंच नाही असं ठरवलं. चार कप कॉफी प्यायली, पडवीत ताठ बसली आणि बसल्या बसल्या झोपली. जागी झाली तेव्हा खिडकीतला रेडिओ बोंबलत होता आणि आई मान खाली घालून विणत होती. आई गेलं वर्षभर इथेच बसलेली असते, हे अर्लिसला त्या दिवशी प्रथमच नीट दिसलं. म्हणजे तिने सगळं ऐकलंही असणार.

शनिवारी सकाळी चौकशीवाला आला. कीगन नावाचा लालबुंद चेहऱ्याचा, गोडबोल्या माणूस. अर्लिसला त्याने नम्रपणे बाहेर पाठवलं. ती मागच्या अंगणात सफरचंदं वेचायला बसली. स्वयंपाकघराची खिडकी तिथेच होती आणि उघडी होती.

"अख्खी गल्ली सांगते, ट्वेटबाईंना विचारा, त्या खोटं बोलत नाहीत," कीगन म्हणत होता.

"लक्षात ठेवावं लागतं हो फार, कुणाला काय सांगितलं ते. तेवढा वेळ कुणाला आहे? लेफ्से घ्या, बटाट्याची पोळी आहे. साखर लावून घ्या."

"मुलगी कामाचं काही बोलते घरी?"

"तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे वाळूतून तेल काढायचं. विचारणं सोडलं मी."

"युद्धात काय करत होती, सांगितलंय?"

"पेन्सिली तासायची."

"तुमचा राग दिसतोय."

"होता," ट्वेटबाई म्हणाल्या. "भावाच्या प्रार्थनेला आली नाही. फार राग होता."

अर्लिसच्या हातातलं सफरचंद हातातच राहिलं. आता, तिला वाटलं, आता पुढचा प्रश्न.

"दारू?"

"नाताळात अर्धा पेला. तोही एरंडेल घेतल्यासारखा."

कीगन हसला. "शेजारी म्हणतात, रविवारी दुपारी तुमचा रेडिओ फार मोठा असतो."

"मला कमी ऐकू येतं."

अर्लिसने चमकून खिडकीकडे पाहिलं. दोन घरं पलीकडे दुधाचं झाकण पडलं तरी आईला ऐकू यायचं.

"आणि झोपेत बोलते का ती?"

आत कपबशीचा आवाज थांबला. कुठेतरी कुत्रं भुंकलं, गाडी गेली, ऊन गवतावर पडलेलं होतं तसंच होतं. अर्लिसला स्वप्नातली फरशी आठवली, पाणी होत जाणारी.

"नाही," तिची आई म्हणाली. "दगडासारखी पडते. एक शब्द नाही."

कीगनने लेफ्से संपवली, आणखी एक घेतली, आभार मानले आणि टोपी घालून गेला. अर्लिस सफरचंदांची टोपली घेऊन आत आली. आई पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. काय बोलणार? आभार मानावेत तर सगळंच उघडं पडत होतं.

"किडकी वेगळी काढ," ट्वेटबाई म्हणाल्या. नळ चालूच होता. मग मान न वळवता म्हणाल्या, "तो रागावलेला नाहीये. ऑर्विल. तुला उगीच वाटतं तसं. त्याच्या जागी तूही रागावली नसतीस, आणि तुझ्या जागी तोही थांबलाच असता."

अर्लिसने टोपली खाली ठेवली. मग ती टेबलाशी बसली आणि लहान पोरासारखी रडली. आईने कप पुसून फडताळात ठेवले, तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि ओल्सनबाईंच्या लोणच्याबद्दल काहीतरी बोलत राहिली. त्या विषयावर त्या दोघी पुन्हा अक्षर बोलल्या नाहीत.

दोन आठवड्यांनी कंपनीत साहेबांनी सांगितलं, सोमवारपासून मागच्या खोलीत ये. बर्नीने तिला गच्च मिठी मारली. पिंप चार माणसांनी उचलून आत नेलं, आणि पहारेकऱ्याने अर्लिसला दार उघडून दिलं.

त्याच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये शरदातलं प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांकडून पापांची कबुली म्हणवून घेतली. ऑर्गन सुरू झाला. एकेका बाकावरचे लोक उठून वेदीपुढे जाऊ लागले, गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षारस घेऊ लागले. ट्वेटबाईंनी हे कधी चुकवलं नव्हतं. अंगात ताप असताना, ऑर्विल गेल्याची तार आली त्या आठवड्यातसुद्धा, त्या गेल्या होत्या. त्यांच्या बाकाची पाळी आली. सगळे उठले, अर्लिस उठली, आणि आई बसूनच राहिली.

"आई, चल ना. बरं नाही वाटत?"

"बरी आहे मी. तू जा."

"मग?"

ओल्सनबाई वळून बघत होत्या. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. ट्वेटबाई सरळ समोर, वेदीकडे बघत होत्या.

"तिथे जायचं म्हणजे केल्याचा पस्तावा झालाय असं सांगून जायचं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "मला नाही झालेला. आणि पुढेही होईल असं वाटत नाही. देवापुढे जाऊन आणखी एक खोटं कशाला बोलू?"

अर्लिसला कळायला क्षणभर लागलं, आणि कळलं तशी ती हादरली. आईने एका शब्दासाठी काय सोडलंय ते तिने पाहिलं: ही रांग, ही वेदी, आणि इतक्या वर्षांत मिळवलेलं नाव. कुणी विचारलं तर कारणही सांगता येणार नव्हतं. आयुष्यभर.

लोक तिच्या पुढे जाण्याची वाट बघत होते. अर्लिस खाली बसली.

"तू कशाला बसलीस?"

"मलाही नाही झालेला पस्तावा."

ट्वेटबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. बाकावरची माणसं त्यांचे गुडघे ओलांडून, माफ करा माफ करा म्हणत वेदीकडे गेली.

"मग नीट बस," आई म्हणाली. "पोक काढू नकोस. सगळे बघतायत."