वेदीच्या पावाचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. ऑलिव्हच्या लाकडाचा, तळहाताएवढा, कडेला चीर गेलेला. पण माझी कीव करायची नाही, हे आधीच ठरवून टाकू.

ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावरच्या एका मेंढपाळाने मला हिवाळाभर कोरलं. माझ्यावर क्रूस आहे आणि 'येशू ख्रिस्त विजयी' ही अक्षरं आहेत, तीही उलटी. ती सुलटी होतात फक्त पिठावर. कपाटात मांडलात तर मी नुसता लाकडाचा तुकडा! मला मळलेलं पीठ लागतं आणि मळणारे हात लागतात.

ते हात साठ वर्षं काली आजींचे होते. दर शनिवारी त्या रविवारच्या उपासनेचा पाव करत. मळताना एकेकाचं नाव घेत. आधी गेलेल्यांचं, मग जिवंतांचं, आणि शेवटी ज्याचा राग आला असेल त्याचं. त्या नावाला मळणं जरा जोरात व्हायचं, पण नाव घेतल्याशिवाय पीठ झाकलं जात नसे. मग त्या मला पिठावर दाबत आणि भोवती वाफ जायला बारीक काडीने भोकं पाडत. एवढ्या शांत कशा राहता, असं कोणी विचारलं की त्या ती काडी दाखवायच्या.

काली आजी गेल्या आणि त्यांच्या दोन मुली भांडल्या. घरावरून नाही, शेतावरून नाही, माझ्यावरून! थोरली असिमिना म्हणाली, आईने पाव करायला मला शिकवलं, ठसा माझा. धाकटी फोतिनी म्हणाली, आईचं आजारपण मी काढलं, ठसा माझा. असिमिनाने मला खिशात घातलं आणि ती चालू लागली. पाच आठवडे दोघी एकमेकींच्या दारावरून मान फिरवून जात होत्या.

आईच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना रविवारी होती. शनिवारी सकाळी असिमिनाने पीठ मळलं. आईचं नाव घेतलं, बाबांचं घेतलं, अर्ध्या गावाचं घेतलं. फोतिनीचं गाळलं.

मी पिठाला चिकटून बसलो. सुटलोच नाही! तिने मला खेचून काढलं आणि त्या तणतणीत भोकं पाडायची राहून गेली.

पाव भट्टीतून आला तो मधोमध हा एवढा फोड घेऊन. क्रूस फाटला होता. असिमिना तशीच मला आणि पावाला घेऊन गावच्या धर्मगुरूंकडे, पापा थानासिसांकडे गेली. त्यांनी पाव फिरवून पाहिला.

"वाफेला वाट दिली नाहीस. वेदीसाठी मधला ठशाचा चौकोन मी कापू कुठून?"

"टोचायचं विसरले, पापा. दुसऱ्या कुणाचा आला असेल ना?"

"आलाय की. फोतिनीचा. मऊ आहे अगदी. पण त्यावर ठसाच नाही." पापांनी दोन्ही पाव तिच्या हातात ठेवले. "भट्टी गरम असेल अजून. जा."

असिमिना तडक निघाली. फोतिनीच्या दारात येऊन म्हणाली, "मळायला ये. माझा खांदा दुखतोय."

"खांदा कसला, ताई? मान दुखत असेल. पाच आठवडे फिरवून ठेवलीस."

पण ती आली. दोघींनी एकाच परातीत हात घातले. नावं घेत घेत असिमिना शेवटच्या नावाशी थांबली, आणि मग हळूच म्हणाली, "फोतिनी."

"ऐकू नाही आलं."

असिमिनाने ते पुन्हा घेतलं, खणखणीत. मी पिठावर टेकलो आणि अलगद सुटलो. भोकं फोतिनीने पाडली, जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी वेदीवर तोच पाव होता.

आता मी एक शनिवार इकडे, एक शनिवार तिकडे असतो. बाजारात प्लास्टिकचे ठसे आलेत, त्यांना चीर जात नाही म्हणे. येऊ देत, मी घाबरत नाही.

मित्रांनो, मला साबणाने घासू नका, काचेमागे ठेवू नका, वापरा. आणि मनाची शांती म्हणजे राग गिळून गप्प बसणं, असं कोणी शिकवलं तर मुळीच ऐकू नका. तो फाटका पाव मी पाहिलाय. प्रभूसमोर राग आलेल्या माणसाचंही नाव घ्या, वाफेला वाट द्या.

आणि नाव गाळलंत, तर सांगून ठेवतो, मी पुन्हा चिकटून बसेन.