बेचाळीस किलोमीटर वाट पाहणारी सॅक

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. किती जुनी म्हणाल, तर माझ्या तळाला तीनदा ठिगळ लागलं आहे आणि माझी चेन अर्ध्यात आली की अडते, मग तिला चुचकारावं लागतं. माझा एक पट्टा निळा आहे आणि दुसरा नारिंगी. हसलात ना? हसा. सगळेच हसतात.

माझा जन्म दुकानातला नाही. रेनकोट शिवायच्या कारखान्यात कापून उरलेले तुकडे असतात ना, त्यांच्यातून मी झाले. तिथे ओळीनं बत्तीस मशिनी होत्या. खिडकीजवळच्या मशिनीवर जी बसायची, ती जेवणाच्या सुट्टीत चार घासांत डबा संपवायची आणि उरलेल्या वीस मिनिटांत मला शिवायची. असे नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी तिनं शेवटचा दोरा दातानं तोडला, मला उलटंसुलटं करून पाहिलं, आणि शेजारच्या मशिनीवरची मैत्रीण म्हणाली, "अगं बाई, शिलाई दिसतच नाही कुठे!"

हे मी ऐकलेलं पहिलं कौतुक. तिचा लौकिकच तसा होता. धागा कापडात असा दडवायची की शोधणाऱ्याचे डोळे दुखावेत. तिनं मला शिवलं, म्हणून मीही तिला आईच म्हणते. तिची खरी लेक वेगळी आहे. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

मी भिंगरीसाठीच होते. दोन वर्षं तिच्या पाठीवर बसून शाळेत गेले. वह्या, डबा, तुटक्या पेन्सिली, एकदा तर जिवंत बेडूक, सगळं पोटात घातलं. मग कुणीतरी वर्गात म्हणालं, "ही बघा जोकरची पिशवी!" त्या दिवशी भिंगरीनं घरी आल्या आल्या मला कोपऱ्यात भिरकावलं. आठवड्याभरात दुकानातली काळी सॅक आली आणि मी माळ्यावर गेले. तिथे माझ्या सोबतीला बंद पडलेला पंखा होता आणि एका बाहीचा स्वेटर. पंखा बोलायचा नाही. स्वेटर बोलायचा, पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. अशी चार वर्षं काढली मी.

मग बसून बसून आईची पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, चाला. ती चालायला लागली आणि एक दिवस चालता चालता चक्क पळाली. मैदानावरच्या रखवालदारानं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "चालताना डोक्यात विचार फार येतात हो. पळताना येत नाहीत." पाण्याची बाटली आणि टॉवेल ठेवायला काहीतरी हवं म्हणून तिनं मला माळ्यावरून काढलं, झटकलं, धुतलं. मी रोज मैदानाच्या फाटकाला लटकू लागले.

"ताई, ही सॅक घेतली कुठून? असली दोन रंगांची कधी पाहिली नाही," रखवालदार म्हणाला.

"शिवली."

"काय सांगता! मग मलाही एक शिवा की."

मी अशी फुगले, अशी फुगले, की आत नुसता टॉवेल आहे असं कुणाला वाटलं नसतं.

दोन वर्षांनी आईनं पूर्ण मॅरेथॉनचा अर्ज भरला. बेचाळीस किलोमीटर! तीही दुसऱ्या शहरात, बसनं सहा तास दूर. जेवताना तिनं ही बातमी सांगितली.

"पळायला एवढ्या लांब?" बाबा म्हणाले. "आपल्याकडचे रस्ते काय झिजलेत?"

"आई, तू जिन्यात दोनदा थांबतेस!" भिंगरी हसून हसून ठसकली.

"तो जिना आहे. हा रस्ता आहे." आईनं भांड्यावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. "येता का कुणी बरोबर?"

तिनं हे असं विचारलं, जसं कुणी मीठ मागतं. बाबांना रविवारी पाण्याची टाकी साफ करायची होती. भिंगरीची सोमवारी चाचणी होती. "नकोच," आई आपणच म्हणाली, "उगाच तुमची दगदग."

पण मित्रांनो, मुक्कामाच्या खोलीची पावती माझ्याच पुढच्या कप्प्यात होती. तिच्यावर लिहिलं होतं, खाटा तीन.

शनिवारी आम्ही दोघीच निघालो. बसमध्ये मी तिच्या मांडीवर होते. ती वाटभर किलोमीटरचे दगड मोजत होती आणि बेचाळीस झाले की म्हणायची, "बघ, एवढं." मग पुन्हा एकपासून. असं तिनं पाच-सहा वेळा केलं आणि दर वेळी तिचा आवाज थोडा लहान झाला.

खोली स्वच्छ होती. एक खिडकी, एक आरसा आणि तीन खाटा. संध्याकाळी आईनं मधल्या खाटेवर उद्याचे कपडे मांडले. वर पिवळा टी-शर्ट, त्याखाली काळी पँट, पँटच्या टोकाला मोजे, उशीवर टोपी. पळणारे असंच करतात म्हणे, म्हणजे पहाटे शोधाशोध होत नाही. टी-शर्टवर तिनं चार पिनांनी आपला नंबर लावला, २७१४. झालं, खाटेवर एक सपाट बाई झोपल्यासारखी दिसायला लागली! तिसऱ्या खाटेवर मला ठेवलं. आठच वाजले होते. दिवा मालवण्याआधी आईनं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली, "झोपा गं आता."

त्याआधी तिच्या हातून एक चूक झाली होती. तिला तेव्हा ती चूक वाटली नाही, मलाही नाही. शर्यतीची सुरुवात शहराच्या एका टोकाला होती आणि शेवट दुसऱ्या टोकाला. पळणाऱ्यांच्या पिशव्या ट्रकनं पुढे जाणार होत्या. त्यासाठी नंबराची एक चिठ्ठी दिली होती, ती दोऱ्यानं पिशवीला बांधायची होती. आता दोरा म्हटल्यावर शिवणारीचे हात स्वस्थ बसतील? आईनं सुई काढली. वर लावली तर घासून फाटेल, म्हणून चिठ्ठी माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला शिवली. बारीक टाके, सुबक आणि अर्थातच न दिसणारे.

पहाटे तिनं माझ्यात सपाता, कोरडे कपडे आणि बिस्किटं ठेवली, फोन पुढच्या कप्प्यात. माझ्या पाठीवर थोपटून "भेटू गं" म्हणाली. दुसऱ्याच क्षणी दोन हातांनी मला उचललं आणि मी ट्रकमध्ये शंभर पिशव्यांवर जाऊन आपटले. ती गर्दीत पिवळ्या ठिपक्याएवढी झाली आणि मग तेवढीही राहिली नाही.

शेवटच्या मैदानावर एक मंडप होता. तिथे सुट्टीच्या दिवशी मदतीला आलेले दोघे पिशव्या लावत होते. एक मोठ्या टोपीचे काका आणि एक चष्मेवाल्या बाई. प्रत्येक पिशवीचा नंबर बघायचा आणि ओळीत ठेवायची.

"काका, हिला नंबरच नाही," बाईंनी मला फिरवून पाहिलं.

"मग टेबलाखाली टाका. बेवारसांत."

बेवारस! नऊ दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या खाऊन जन्मलेली मी, आणि बेवारस! पण तोंड असतं तर बोलले असते ना. टेबलाखाली एक पाण्याची बाटली होती आणि एक डावा बूट. मला कळेना, एका बुटाचा मालक शर्यतीला आला तरी कसा?

टेबलाखालून फक्त पाय दिसायचे. नऊ वाजता पहिले पाय आले, उड्या मारत. दहानंतर लंगडणारे, ओले, धुळीनं माखलेले. आणि प्रत्येक दमलेल्या पायांच्या शेजारी दुसरे कोरडे पाय असायचे. कुणाच्या बायकोचे, कुणाच्या भावाचे. इवल्याशा चपला घातलेले दोन पाय नाचत ओरडत होते, "आजोबा, तुम्ही मला दिसलात! मी आधी पाहिलं!" एकेक पिशवी उचलली जात होती. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. बाटली गेली. बूटसुद्धा गेला, मित्रांनो! मी उरले.

मधूनमधून माझ्या पोटात फोन वाजायचा. "उचलू का?" बाई विचारायच्या. "परक्याचा फोन? राहू द्या," काका म्हणायचे. बारा वाजून दहा मिनिटांनी तो पुन्हा वाजला तेव्हा बाईंना राहवलं नाही. त्यांनी पुढच्या कप्प्याची चेन ओढली, अडली तेव्हा हळूच मागे घेऊन पुन्हा ओढली.

"हॅलो? नाही, मी त्या नव्हे. त्यांची सॅक इथे आहे. त्या अजून आल्या नाहीत."

"आल्या नाहीत म्हणजे?" बाबांचा आवाज एवढा चढला की मलाही ऐकू आला. "सहाला सुरू झालंय ना?"

"येतील हो. शोधायला सांगते मी. त्यांचा नंबर काय?"

मग बाबा म्हणाले, "नंबर... ते काही बोलली नाही ती."

"कपडे कुठल्या रंगाचे आहेत?"

फोनवर भिंगरी आली. "निळे असतील. नाही, थांबा हं, टी-शर्ट बहुतेक..." आणि तिचा आवाज फुटला. "मला नाही माहीत."

पिवळा गं भिंगरे, पिवळा! दोन हजार सातशे चौदा! मला दोन्ही ठाऊक होतं. मी तिच्या शेजारच्या शेजारच्या खाटेवर झोपले होते.

साडेबाराला शर्यतीची वेळ संपली. शेवटच्या रेषेवर हवा भरलेली मोठी रबरी कमान होती. तिच्यातली हवा सोडली तेव्हा असा उसासा आला, की जणू तीही कुणाची वाट पाहून दमली होती. काका खुर्च्या मिटू लागले. एक वाजता मंडप बंद होणार आणि उरलेलं सामान कचेरीत जाणार. त्यांनी मला टेबलाखालून काढून हातगाडीवर टाकलं.

"चला बाई, झालं."

"पाच मिनिटं थांबू या ना काका. मी फोनवर शब्द दिलाय."

"पाच म्हणजे पाचच हं."

आणि तिसऱ्या की चौथ्या मिनिटाला मला पिवळं दिसलं. ती पळत नव्हती, चालतही नव्हती. एक पाय टाकायची आणि दुसऱ्याला समजावून जवळ आणायची.

"माझी सॅक... अय्या, ही काय! दोन रंगांची."

"ताई, हिला नंबर नाही," काका म्हणाले.

"आहे की!" आईनं माझं झाकण उलटं केलं. काका वाकले, बाई वाकल्या.

"अहो ताई, ही चिठ्ठी दाखवायची असते, लपवायची नसते!"

"सवय हो," आई ओशाळून म्हणाली. "दिसली तर ती शिलाई कसली?"

तिघंही हसली. मग काकांनी जरा हळू विचारलं, "पदक मिळालं का?"

"नाही. वेळ संपली होती. बत्तिसाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. मागून ती मागे पडलेल्यांना उचलणारी बस. ड्रायव्हर सारखा म्हणे, बसा ताई, आत गार हवा आहे. शेवटी म्हटलं, दादा, तुमची बस बंद पडली तर ढकलीन, पण बसणार नाही." ती कमानीकडे बघून हसली. "आले तेव्हा कमान आडवी झाली होती. बाकीचे सगळे तिच्या खालून गेले, मी वरून आले."

बाईंनी तिच्या हातात फोन ठेवला. "आधी घरी बोला. फार घाबरलीत सगळी." मग त्या काकांबरोबर मंडप सोडवायला गेल्या.

आईनं फोन लावला. "हो, झालं. पूर्ण झालं. नाही हो, पडले बिडले नाही. खाते, बिस्किटं आहेत." नंतर भिंगरी आली असावी, कारण आईचा आवाज मऊ झाला.

"आई," भिंगरीनं विचारलं, "तुझ्याजवळ आत्ता कोण आहे?"

आईनं मैदानभर पाहिलं. कागदी पेले वाऱ्यानं इकडून तिकडे लोळत होते.

"सॅक आहे ना," ती म्हणाली.

"हॅलो? ऐकू येतंय का?" आई विचारत राहिली. ऐकू येत होतं, मित्रांनो. चांगलं ऐकू येत होतं.

मग ती तिथेच मातीत बसली, बूट काढले आणि माझ्यावर डोकं टेकलं. मी ओली झाले. घाम होता की आणखी काही, सांगता येत नाही. मी रेनकोटचं कापड. मला कुणाचं पाणी आत घेता येत नाही, नुसतं अंगावर धरता येतं.

आता मी खूप थकले आहे. आमच्यासारख्या सॅका धुऊन वाळवा, चेनीला कधीतरी मेण लावा, हे मी सांगणार आहेच. पण एक गोष्ट त्याहून मोठी आहे. तुमच्या घरातलं कुणी दुसऱ्या गावी पळायला निघालं आणि "येता का?" असं मीठ मागितल्यासारखं म्हणालं, तर टाकी पुढच्या रविवारी धुवा. तुम्हाला पळता येत नसेल, तर नका पळू. नुसती सॅक धरायला जा. वाट काय, मीही पाहते. पण "आली गं, आली!" असं ओरडायला माणूसच लागतं.