नवजात जनुक

थंड पाण्यातल्या एका इवल्याशा माशात मला पोरके जनुक सापडले होते. ज्यांचा डीएनए आजवर वाचला गेला आहे, अशा कोणत्याही जीवात त्याचे नातलग नव्हते. माझा दावा एवढाच, की ते कुणाकडून आलेले नाही. डीएनएतल्या अर्थहीन अक्षरांच्या पडीक पट्ट्यातून ते इथेच जन्मले आहे. कायमच्या प्राध्यापकपदासाठीचे माझे व्याख्यान त्या दिवशी दुपारी होते, आणि ते सारे या दाव्यावर उभे होते.

"मग पडीक पट्टा दाखव," माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या. त्यांचे कौतुकही धमकीसारखे वाटे. "बहीण-माशात, म्हणजे सर्वांत जवळच्या प्रजातीत, तीच अक्षरं त्याच जागी मुकी पडलेली दिसली, तरच जन्म म्हणायचा. नाहीतर व्याख्यानातून काढून टाक."

शेजारच्या जनुकांचा माग घेत मी बहीण-माशातली ती जागा केव्हाच गाठली होती. दोन्ही शेजारी जागच्या जागी. मधोमध मात्र सलग कोरेपण.

"शेजारी आहेत आणि घर गायब?" पलीकडच्या टेबलावरून दादा हसला. संख्याशास्त्र आणि टिंगल, दोन्हींत तरबेज असलेला हा अख्ख्या प्रयोगशाळेचा थोरला भाऊ. "चोरीला गेलं का गं?"

"दादा, डोकं नको खाऊस."

"राहिलं. पण निसर्ग इतकं नीटनेटकं पुसतो होय? हे माणसाचं काम दिसतंय."

मी उघड्या फाइलचे नाव पुन्हा वाचले. माणसाचे काम. माझेच! शोध झटपट व्हावा म्हणून पुनरुक्तीसारखा दिसणारा मजकूर आम्ही आधी झाकतो. अक्षरांच्या जागी निव्वळ रिकाम्या खुणा. मी ती झाकलेली प्रतच चाळत बसले होते.

मूळ प्रत उघडली. धुके विरताना समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उजळाव्यात, तशी अक्षरे प्रकटली. माझ्या जनुकाशी जवळपास तंतोतंत जुळणारी. फक्त सुरुवातीलाच थांब्याची खूण, जिच्यापुढे पेशी जनुक वाचतच नाही. माझ्या माशात तिथले एकच अक्षर बदलले होते, आणि मुक्या मजकुराला कंठ फुटला होता.

"बाई!" मी किंचाळलेच.

बाई पडद्यावर वाकल्या. "कशावरून बहिणीचं जनुक नंतर मेलं नाही? चुलत घराण्यात बघ."

जरा दूरच्या नात्यातल्या चुलत-माशाची मूळ प्रत उघडली. तिथेही तोच थांबा. तिथेही मौन.

"म्हणजे मुळात सगळेच मुके होते," दादा हळूच म्हणाला. टिंगल विसरून तो उठून आला होता. "बोलायला लागलं ते हिचंच पोर."

"व्याख्यानात आवाज जरा खाली ठेव," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "निवड समितीतली मंडळी वयस्कर आहेत."

सभागृहात मला ते मुळीच जमले नाही.