एकच दरवाजा

गाड्यांची गेलेली चमक परत आणून देणाऱ्या त्या दुकानदाराला गिऱ्हाइकं आरसेवाला म्हणत आणि ते ऐकून स्वारी फुलायचीही. पण त्या दुपारी धाकटी बहीण नवऱ्याची काळी गाडी घेऊन एकटीच दारात आली, तेव्हा त्याला काही बरं वाटलं नाही. इंजिन बंद करायचंही तिला सुचत नव्हतं.

"दादा, पार्किंगच्या खांबाला घासली. हा ड्रायव्हरशेजारच्या सीटचा दरवाजा बघ."

"एवढंच? मला वाटलं विहिरीत घातलीस!"

ती हसली नाही. "ते संध्याकाळी येतात ना, की आधी टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरतात. रोज. मागे एकदा काचेवर माझ्या बोटांचे ठसे दिसले, तर..."

"तर काय?"

"तू काम कर ना, दादा."

शिस्तीचा माणूस म्हणून साऱ्या घराने डोक्यावर घेतलेला हा जावई! आरसेवाल्याने चऱ्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. म्हणजे रंग वाचला होता, वरचा पारदर्शक थर तेवढा खरवडला होता. त्याने हँडलभोवती टेप लावली, चरे घासून काढणाऱ्या कंपाउंडचे चार ठिपके टाकले आणि मशीनचं पॅड हलक्या हाताने फिरवायला घेतलं. पुसलं, पाहिलं, पुन्हा फिरवलं. मग बारीक पॉलिश. जन्मात कुठल्या गाडीवर ओतला नसेल एवढा जीव त्याने त्या दरवाजावर ओतला. शेवटी त्यात त्याला स्वतःच्या कपाळावरची तटतटलेली शीरसुद्धा दिसली.

"घे. आता भिंग लावून शोधू दे त्याला."

तिने सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. मेहुणे उतरले.

"लवकर सुटलो. फोनच्या ट्रॅकरवर गाडी इथे दिसली, म्हटलं दादांना भेटून जावं."

हात पाठीमागे बांधून ते गाडीभोवती सावकाश फिरले आणि त्या दरवाजाशी थांबले.

"हाताला यश आहे हं तुमच्या. पण सगळी गाडी म्हातारी आणि हा एकटाच नवरदेव, असं का?"

आरसेवाल्याने दोन पावलं मागे जाऊन गाडी पाहिली. धुऊन धुऊन मंदावलेल्या काळ्या अंगावर तो एक दरवाजा नुसता झळाळत होता. एक भाग घासला की बाकीचे उघडे पडतात, हे तो गिऱ्हाइकांना उठता बसता ऐकवायचा. आज भीतीपोटी त्याला दरवाजापलीकडचं काही दिसलंच नव्हतं.

"नमुना म्हणून मीच एक दरवाजा..." तो म्हणाला.

"खांबाला जरा..." ती त्याच क्षणी म्हणाली.

मेहुण्यांनी हसून तोच दरवाजा उघडून धरला. "बस. घरी जाऊन बोलू."

"ती आज इथेच राहील, दाजी." आरसेवाल्याने दरवाजाची कड घट्ट पकडली.

"बोटं काढ, दादा. चेंगरतील," बहीण आत बसत म्हणाली. पट्ट्याचं टोक ती खाचेच्या बाजूलाच टेकवत राहिली, तो लागेना. मेहुण्यांनी वाकून, अगदी प्रेमाने, तो लावून दिला.

गाडी वळणाआड गेली. दुकान सताड उघडं टाकून, कंपाउंडने माखलेल्या हातांनीच, आरसेवाल्याने स्कूटरला किक मारली.