निळी ओळ

बाबांना माउसचा भारी तिटकारा. सगळा जन्म छापखान्यात गेलेला. हुकूम द्यायचा तर लिहून द्यावा, बोटांनी खुणा कसल्या करायच्या, असं त्यांचं म्हणणं. आईसाठी कॉम्प्युटरवर त्यांनी ‘कपाट’ नावाचं चित्र केलं, त्यामागेही स्वतः लिहिलेला हुकूम होता. चित्रावर टिचकी मारली की तिच्या शिवणाच्या नमुन्यांचा फोल्डर उघडायचा.

बाबा गेले आणि त्यांच्यामागे कॉम्प्युटरही धापा टाकायला लागला. मी नवा आणला, सगळ्या फायली जशाच्या तशा उतरवल्या, ‘कपाट’सुद्धा केलं. आईनं एकदा उघडून पाहिलं आणि परत जुन्यापुढे जाऊन बसली.

“नवा परत देऊन टाक.”

“अगं, तेच फोल्डर, त्याच फायली! काय बिघडलं?”

“निळं होत नाही.”

“काय निळं होत नाही?”

“जाऊ दे. हा बंद पडला तर काय करू गं मी?” तिचे डोळे भरले होते.

माझं डोकं सणकलं होतं, पण ते डोळे बघून खुर्ची पुढे ओढली. जुन्यावरच्या चित्राच्या पोटात शिरून बाबांचा हुकूम वाचला. एक्सप्लोरर, स्लॅश, सिलेक्ट, स्वल्पविराम, आणि पुढे एका फायलीचा पत्ता. म्हणजे खिडकी उघडतानाच ती एक फाइल निवडून ठेव, निळी करून. मी शहाणीनं नुसता फोल्डर जोडला होता. त्या शेकडो नमुन्यांत आई ती कुठे शोधणार, आणि मला सांगायला लाजत असणार. फायलीचं नाव होतं, ‘अगं ऐकलंस का’.

मला बाबांची इतकी आठवण आली की नव्यावर तोच हुकूम टाइप करताना दोनदा चुकले. स्वल्पविराम विसरले, बाबांनी टपली मारली असती.

“बघ आता,” मी म्हटलं.

आईनं टिचकी मारली. खिडकी उघडली, एक ओळ निळी. तिनं एंटर दाबलं. जरा खरखर झाली आणि बाबांचा आवाज आला, “अगं, ऐकलंस का? माझा चष्मा कुठे गेला?”

मी दचकून मागे दाराकडे पाहिलं. आई मात्र शिवणयंत्राकडे वळली, सुईत दोरा ओवता ओवता जराशी वैतागली.

“डोक्यावर आहे, अहो.”