काढा कोणी दिला?

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या चादरी आल्या आणि धुलाईघरात नेहमीची धांदल उडाली. गाठोडी सुटली, डागांच्या चादरी बाजूला निघाल्या, हौदात सोडा पडला. थोरल्या जावेने कमरेला निळा एप्रन बांधला आणि दाराच्या आतल्या बाजूच्या तीन खिळ्यांकडे पाहिले. रोजच पाहायची. या घरात बायकांना कामे वाटून देण्याची तीच रीत होती.

घरात बायका तीन, म्हणून खिळे तीन. जिला पाळी आली असेल तिने एप्रन आपल्या खिळ्याला अडकवायचा आणि मागे इस्त्रीच्या टेबलापाशी जायचे. त्या दिवसांत पांढऱ्या कापडाला हात लावला तर डाग निघत नाहीत, असे सासू मरण्याआधी थोरलीला सांगून गेली होती. असा न निघालेला डाग कोणी कधी पाहिला नव्हता. खिळे मात्र सगळ्यांना दिसायचे, सासऱ्यांना, दिराला, गाठोडी घेऊन येणाऱ्या माणसालासुद्धा. बाईच्या अंगातली गोष्ट दारावर टांगायची आणि वर लाज बाळगायला तिलाच सांगायचे, असा सगळा उफराटा कारभार होता.

तिसरा खिळा बारकीचा. बारकी म्हणजे धाकट्या जावेची मुलगी, वय वर्षे तेरा. शाळा सुटली की संध्याकाळी ती हौदावर राबायची. गेल्या वर्षी तिची पाळी सुरू झाली तेव्हा थोरलीने स्वतःच्या हाताने तो खिळा ठोकला. नंतर एकदा दोन महिने काहीच नाही, मग लागोपाठ दोन महिने आली, आणि आता पुन्हा बंद.

"तीन महिने झाले, तुझ्या पोरीचा खिळा रिकामा आहे," चादर पिळता पिळता थोरली धाकटीला म्हणाली. "तू झोपली असशील. मला डोळे आहेत."

धाकटी झोपली नव्हती. तीही दिवस मोजत होती आणि मनातल्या मनात चरफडत होती. चौदा वर्षांत या घरात तिच्याकडे कोणी बोट दाखवले नव्हते. थोरलीच्या राज्यात तिची तेवढीच काय ती कमाई, आणि ती मुलीने मातीत घातली, असे तिने न विचारताच ठरवून टाकले.

संध्याकाळी बारकी दप्तर टाकते न टाकते तोच दोघींनी तिला इस्त्रीच्या खोलीत घेतले. कोण आहे तो, असे थोरलीने विचारले. बारकीला प्रश्नच कळला नाही. "कोण कुठला?" असे तिने विचारले, आणि तोच तिचा उद्धटपणा ठरला. मग तिच्या लक्षात आले. कानापर्यंत लाल होऊन ती आईकडे वळली.

"आई, मी काही केलेलं नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होते. तीन महिने आलीच नाही तर डॉक्टरांना दाखवा, असंही म्हणाल्या."

धाकटीने तिच्या थोबाडीत मारली. शाळेत हेच धडे देतात का, असे वर विचारले. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद झाली.

डॉक्टरांकडे न्यायचा प्रश्नच नव्हता. जवळचा दवाखाना एकच, आणि त्याच्याच चादरी या घरात धुतल्या जात. तिथली आया, परिचारिका, कपडे मोजून देणारा कारकून, सगळे ओळखीचे. मुलगी तिथे दिसली की बोभाटा व्हायला किती वेळ लागणार, असे थोरली म्हणाली, आणि ते धाकटीच्या नवऱ्यालाही पटले. टेम्पोची किल्ली बोटाभोवती फिरवत, बायकांचे बायकांनी बघावे, एवढे बोलून तो चालता झाला. याहून जास्त त्याला काही सुचले नाही.

गुरुवारी सकाळी थोरलीने कुठूनशी एक बाटली आणली. तिने काढा पेल्यात ओतला, पण पेला दिला धाकटीच्या हातात. आपले हात कोरडे ठेवण्यात ती हुशार होती.

हे कशाचे, असे बारकीने विचारले. पोट साफ व्हायचे औषध आहे, असे आईने सांगितले. पहिल्याच घोटाला मुलीने तोंड फिरवले. तेव्हा आईने तिचे नाक दाबले आणि पेला रिकामा होईपर्यंत सोडले नाही.

दुपारी बारकीला उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा आल्या आणि मग रक्त जायला लागले. थोरलीने वाकून पाहिले. "बघितलंस? होतं म्हणूनच पडलं," ती म्हणाली. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण मुलगी जमिनीवर गडाबडा लोळत असताना धाकटीला हायसे वाटले. सुटलो एकदाचे, असेच तिच्या मनात आले.

तासाभरात बारकीचे हातपाय गार पडले, ती हाकेला ओ देईना. मग मात्र नवऱ्याने टेम्पो काढला. धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यांमध्ये मुलीला निजवले आणि बोभाट्याच्या भीतीने जिथे नेले नव्हते, त्याच दवाखान्यात नेले. वाटेत थोरली धाकटीला पढवत होती. शिळे खाल्ले म्हणायचे. काढ्याचा क काढलास तर सगळ्यांच्या हातात बेड्या पडतील आणि दवाखान्याचे कामही जाईल.

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरूनच विचारले, "पोटात काय गेलंय हिच्या?"

"कालचं शिळं खाल्लं," थोरली म्हणाली.

"शिळ्या अन्नाने असं होत नाही. खरं सांगा. काय दिलंय ते कळलं नाही तर मी भलताच उपाय करून बसेन, आणि पोरगी हातची जाईल."

थोरलीने धाकटीचे मनगट घट्ट धरले होते, बांगडी रुतेल इतके. धाकटीने मुलीच्या निळसर ओठांकडे पाहिले आणि मनगट हिसडून सोडवले.

"काढा दिलाय. मी पाजला, नाक दाबून. बाटली घरी आहे."

हिचे डोके ठिकाणावर नाही, असे थोरली सांगू लागली. धाकटीने तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. नवऱ्याला तिने बाटली आणायला पिटाळले आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या शब्दासरशी धावला.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. गर्भ नव्हता, कधीच नव्हता. अंगात रक्त कमी, खाण्याची आबाळ, हौदावरचे कष्ट. या वयात पाळी मागेपुढे होतेच, पण तीन महिने थांबली तर मुलीला तपासायचे असते, तिच्यावर खटला भरायचा नसतो.

"तुम्ही धुतलेल्या चादरींवर मी रोज अशा मुली तपासते," त्या म्हणाल्या. "या एकीला आणायला काय झालं होतं?"

संध्याकाळी जबाब घ्यायला हवालदार आला. धाकटीने काही लपवले नाही. पाजणारी म्हणून आपले नाव पहिले लिहायला लावले, त्याखाली बाटली आणणारीचे, आणि सगळे कळत असून निघून गेलेल्या नवऱ्याचेही. घराण्याचे नाव घालवलेस, असे थोरली व्हरांड्यात करवादली. या मुलीला आता त्या हौदाचे पाणी दिसणार नाही, बरी झाली की तिची शाळा पुन्हा सुरू, एवढेच धाकटी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारकीने डोळे नीट उघडले. धाकटीने चमच्याने तिच्या ओठांना पाणी लावले आणि अडखळत सगळे सांगितले. काढा कसला होता, जबाबात काय लिहिले, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. तुझी काही चूक नव्हती, हे आता सगळ्यांना कळले आहे, असेही सांगितले.

बारकीने चमच्यावरून तोंड फिरवले.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणून तुला पटलं," ती म्हणाली. "हेच तर मी सांगितलं होतं ना, आई?"

धाकटीने मुलीच्या हातावर हात ठेवला. बारकीने सावकाश आपला हात काढून घेतला आणि चादरीखाली ठेवला.